मालाला उजेड दिलात, माणसाला किती दिलात?



दोन वर्षांपूर्वी मी एक व्हिडिओ केला होता, कमी खर्चात दुकानाचा लूक कसा बदलायचा यावर. त्यात मी ठासून सांगितलं होतं, उजेड वाढवा, धंदा वाढतो. "दुकान झगमगलं पाहिजे, रस्त्याच्या पलीकडून दिसलं पाहिजे." हे माझंच वाक्य. बऱ्याच जणांनी ते मनावर घेतलं, पॅनल लाइट बसवले, फ्लडलाइट लावले, मला फोटोही पाठवले.

आज त्यातला निम्मा सल्ला मी मागे घेतोय. निम्माच, कारण दुकान रस्त्यावरून दिसलं पाहिजे हे खरंच आहे. अंधाऱ्या दुकानात गिऱ्हाईक पाय टाकत नाही. पण त्या व्हिडिओत मी मालाबद्दल बोललो, गिऱ्हाईकाबद्दल बोललो, वीजबिलाबद्दल बोललो. त्या उजेडाखाली रोज बारा तास जो माणूस उभा राहतो त्याच्याबद्दल एक शब्द काढला नाही. गिऱ्हाईक वीस मिनिटं थांबतं. आपण आणि आपली माणसं सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ.

हे मला कुठल्या पुस्तकातून सुचलं नाही. माझ्याच दुकानात चूक झाली, म्हणून सुचलं.

माझं दुकान तुमच्यातल्या बऱ्याच जणांना व्हिडिओतून माहीत आहे. कराडच्या बाजारपेठेत, कापडाचं. समोरून बारा फूट रुंद आणि आत चाळीस फूट लांब. म्हणजे बोळच. पुढे साड्या आणि ड्रेस मटेरियल, मध्ये शाळेचे युनिफॉर्म, सगळ्यात मागे ट्रायल रूम आणि बिलिंगचं टेबल. नूतनीकरण केलं तेव्हा पुढच्या भागाला चांगल्या कंपनीचे पॅनल घेतले. मागे येईपर्यंत बजेट संपलं. वायरमन म्हणाला, "दादा, मागं कोण बघतंय? घाऊकमध्ये स्वस्तातले मिळतात, निम्म्याहून कमी पैशात होईल." मीही म्हटलं, मागे कोण बघतंय. बसवून टाकले चौदा.

त्यानंतर काही महिन्यांनी बिलिंगला एक मुलगी कामाला लागली. हिशोबाला पक्की, बोलायला चांगली. पहिला महिना उत्तम गेला. नंतर दुपारचे चार वाजले की, "दादा, डोकं दुखतंय." आठवड्यातून तीन-चार वेळा. बिलात चुका व्हायला लागल्या, त्याही संध्याकाळीच. मी तिला आधी चहा प्यायला सांगितलं. मग पाणी जास्त पी म्हटलं. मग चष्म्याचा नंबर काढून आण म्हटलं. तिने काढून आणला, डोळे ठीक निघाले. आणि मग एक दिवस मी सगळ्यांसमोर बोललो, "अगं, रविवारी सुट्टीला कसं दुखत नाही तुझं डोकं?"

ते मी टोमणा म्हणून बोललो होतो. खरं तर तो नीट विचारायचा प्रश्न होता. रविवारी का दुखत नाही? कारण रविवारी ती त्या टेबलापाशी नसायची. पण मला वाटलं, काम टाळतेय. सहा महिन्यांनी ती सोडून गेली.

ती गेल्यावर चारेक महिन्यांनी मी दुकानात व्हिडिओ शूट करत होतो. नवीन मोबाईल घेतला होता, स्लो मोशन टाकून बघत होतो. पुढच्या भागात सगळं स्वच्छ. कॅमेरा मागे फिरवला आणि स्क्रीनवर काळे पट्टे पळायला लागले. भिंतीवर, टेबलावर, बिलबुकावर. एकाच फ्रेममध्ये अर्धं दुकान शांत आणि अर्धं दुकान लुकलुकतंय. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मला आधी वाटलं मोबाईल खराब आहे.

मोबाईल चांगला होता, पॅनल खराब होते. हे कसं होतं ते सोप्या भाषेत सांगतो. आपल्या घरात येणारी वीज ५० हर्ट्झची. ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन पुन्हा वर जाते. चांगल्या एलईडीच्या आत जो ड्रायव्हर असतो तो हे चढउतार भरून काढतो, त्यामुळे उजेड सलग येतो. स्वस्त दिव्यात ड्रायव्हरवरच पैसे वाचवलेले असतात. मग वीज शून्यावर आली की दिवा विझायला येतो, वर गेली की पेटतो, सेकंदाला शंभर वेळा. एवढ्या वेगात डोळ्याला लुकलुक जाणवत नाही, म्हणून आपण म्हणतो काही नाही. पण जाणवत नाही म्हणजे डोळ्यावर आणि मेंदूवर त्याचं काही होत नाही, असं नसतं.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचाही हाच आजार होता. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये विल्किन्स नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका ऑफिसात तपासणी केली. काही काळ जुन्या पद्धतीच्या चोकवर ट्यूब, काही काळ इलेक्ट्रॉनिक चोकवर, ज्यात ती लुकलुक जवळजवळ नाहीशी होते. कोणत्या वेळी कोणता चोक आहे हे काम करणाऱ्यांना माहीत नव्हतं. नव्या चोकवर डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला. सगळ्यांना सारखा त्रास नव्हता हेही लक्षात घ्या. काहींना काहीच होत नाही, काहींना फार होतं. म्हणूनच मालकाला वाटतं की मला काही होत नाही तर हिलाच कसं होतं.

आता मी प्रामाणिकपणे सांगतो. त्या मुलीचं डोकं त्या पॅनलमुळेच दुखायचं हे मी सिद्ध करू शकत नाही. तो अभ्यास ट्यूबचा होता, माझे दिवे एलईडीचे. शिवाय ती जेवायची कमी, बसने यायची, घरी काय टेन्शन होतं मला ठाऊक नाही. पण दोन मिनिटांत करता येणारी तपासणी मी केली नाही, आणि त्याऐवजी तिच्या नियतीवर बोट ठेवलं. हे मात्र सिद्ध आहे.

आणि यात मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. बीबीए केलेल्या प्रत्येकाला हॉथॉर्न पाठ असतो. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना, १९२४ ते १९२७ या काळात तिथे उजेड कमी-जास्त करून कामावर काय परिणाम होतो ते पाहिलं. उजेड वाढवला, उत्पादन वाढलं. कमी केला, तरी वाढलं. आम्हाला शिकवलेला धडा असा की उजेडाचं काही नसतं, माणसाकडे लक्ष दिलं की तो जास्त काम करतो. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. मी हा किस्सा माझ्या सेशनमध्ये कितीतरी वेळा सांगितलाय, टाळ्याही घेतल्यात. स्टाफशी बोला, त्यांची विचारपूस करा, ट्यूबलाइटने काही होत नाही. म्हणजे एकीकडे मी स्टेजवर हे सांगत होतो आणि माझ्याच दुकानात मागे एक मुलगी डोकं धरून बसली होती.

बरं, तो किस्साही पुस्तकात सांगतात तेवढा पक्का नाही. लेविट आणि लिस्ट या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी, हरवले असं समजलं जाणारे त्या प्रयोगाचे जुने आकडे शोधून पुन्हा तपासले आणि २०११ मध्ये छापले. गाजलेला तो ठळक परिणाम त्यांना त्या आकड्यांत सापडला नाही. उजेडातले बदल रविवारी, कारखाना बंद असताना केले जायचे आणि नंतर सोमवारचं काम मोजलं जायचं. सोमवारी काम तसंही जास्तच व्हायचं, बदल केला काय आणि न केला काय. म्हणजे आपण पगाराच्या दुसऱ्या दिवशीचा गल्ला बघून नवीन पाटीमुळे धंदा वाढला म्हणण्यासारखं झालं. मी आता सेशनमध्ये हा किस्सा सांगतो, पण पूर्ण सांगतो. त्याला टाळ्या कमी पडतात.

असो. पॅनल मी बदलले. चौदा पॅनल, साडेचारशेला एक, म्हणजे सहा हजार तीनशे आणि मजुरी वेगळी. आधी वाचवलेले पैसे यात गेले आणि वर एक चांगलं माणूस गेलं. नवीन माणूस शोधणं आणि शिकवणं यात किती जातं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या दुकानातली तपासणी आजच करा. मोबाईल स्लो मोशनला टाका, दिव्याकडे आणि दिव्याखालच्या पांढऱ्या भिंतीकडे धरा. पट्टे पळताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा संशयित. मोबाईलमध्ये स्लो मोशन नसेल तर फक्त तेवढा एक दिवा चालू ठेवून, त्याच्याखाली एक पेन दोन बोटांत धरून जोरात डावी-उजवीकडे हलवा. चांगल्या उजेडात पेनाचा सलग धूसर पंखा दिसतो. लुकलुकणाऱ्या उजेडात एकाच्या जागी सुटी सुटी दहा पेनं दिसतात. नवीन दिवा घेताना हीच तपासणी विकणाऱ्याच्या काउंटरवरच करा. तो वैतागेल, वैतागू दे. आपल्याकडेही साडीचा काठ दहा वेळा उलटून बघतातच की.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण एकदा खाज सुटली की सुटत नाही. ऑनलाइन तेराशे रुपयांत एक लक्स मीटर मागवला. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. मोबाईलमध्ये ॲप मिळतात, ती अचूक नसतात, पण इथे जास्त की तिथे जास्त एवढं कळायला पुरतात.

बिलिंगच्या टेबलाजवळ, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला, समोर तोंड करून मोजलं. ११० लक्स. दुकानाच्या पुढच्या भागात ४२०. आणि दाराबाहेर, पायरीवर, उन्हात नाही हं, सावलीत, सहा हजारांच्या वर. भर उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो. पावसाळी ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर हजारांत उजेड असतो. मला वाटत होतं माझं दुकान झगमगतंय. आपला डोळा इतक्या पटकन जुळवून घेतो की बाहेरच्या आणि आतल्या उजेडात पन्नास पटींचा फरक आहे हे आपल्याला कळतच नाही.

हा फरक महत्त्वाचा का, तर उजेडाचं काम फक्त दिसणं एवढं नाही. डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. त्यांच्याशिवाय तिसऱ्या प्रकारच्या पेशी आहेत, ज्या स्वतः उजेड ओळखतात. हे २००२ च्या सुमारास पक्कं झालं, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा. या पेशींचा मुख्य उपयोग चित्र बघायला नाही. मेंदूतल्या घड्याळाला त्या सांगतात की आता दिवस आहे, जागा राहा. निळसर उजेडाला त्या जास्त दाद देतात. या शरीराच्या घड्याळाची आतली यंत्रणा शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. म्हणजे विषय किरकोळ नाही.

२०२२ मध्ये या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून सोपा हिशोब दिला. दिवसा डोळ्याच्या पातळीवर किमान २५० हवा, झोपण्याआधीचे तीन तास १० च्या वर नको, झोपेत १ च्या वर नको. हे आकडे साध्या लक्सचे नाहीत, त्या तिसऱ्या पेशींना जेवढा जाणवतो तेवढ्याच उजेडाचे आहेत. पिवळसर दिव्यात साध्या लक्सच्या निम्म्याच्या आसपासच हा उजेड असतो. म्हणजे माझ्या टेबलाजवळचे ११० लक्स पकडले तर पास व्हायला लागणाऱ्या मार्कांच्या निम्मेसुद्धा नाहीत.

आणि गंमत बघा, दुपारची पेंग आपण जेवणावर ढकलतो. "भात खाल्ला की डोळे मिटतात." भाताचा वाटा असेलही. पण सकाळी साडेनऊला शटरच्या आत गेलेला माणूस चाळीस फूट खोल बोळात संध्याकाळपर्यंत दिवस बघतच नाही. आपण त्याच्या घड्याळाला दिवसभर सांगतोय की संध्याकाळ झाली, आणि मग विचारतो सुस्त का आहेस.

यावर उपाय म्हणून मी आधी काय केलं असेल? आपली व्यापारी बुद्धी. मागे दोन फ्लडलाइट ठोकले. पन्नास-पन्नास वॅटचे, समोरच्या भिंतीवर, थेट तोंडावर. मीटरवर आकडा छान आला. दोन दिवसांत आण्णा, म्हणजे माझे वडील, दुपारी मागे बसायचे बंद झाले. म्हणाले, "समोरून गाडीचा हेडलाइट मारल्यासारखं वाटतंय." त्यांचं बरोबर होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, म्हणून त्यांना वाचायला जास्त उजेड लागतो. पण भिंग जुनं झालेलं असल्यामुळे थेट डोळ्यात येणारा झोत आत पसरतो आणि त्यांना आपल्यापेक्षा जास्त खुपतो. उजेड जास्त पाहिजे आणि दिवा डोळ्यासमोर नको, दोन्ही एकाच वेळी. मग फ्लडलाइट काढले. त्यातला एक आता गोडाऊनमध्ये आहे.

खरा उपाय मागच्या भिंतीत होता आणि तो आम्हीच बुजवला होता. मागे तीन बाय अडीचची खिडकी आहे, उत्तरेला. नूतनीकरणात तिच्यावर प्लाय मारून रॅक केला होता. मी म्हटलं खिडकी उघडू. आण्णा म्हणाले, "रॅक म्हणजे माल आणि खिडकी म्हणजे धूळ. चार खण जातील." मी म्हटलं, त्या चार खणांत तीन वर्षं न हललेला माल आहे. ते म्हणाले, ऊन लागून कापड विटेल. हे मात्र खरं आहे, कापडवाल्यांनी हे विसरू नये, पश्चिमेची खिडकी असती तर मी उघडलीच नसती. उत्तरेला आपल्याकडे थेट ऊन जवळजवळ येत नाही. दोन आठवडे हा वाद चालला. शेवटी न हललेला माल सेलमध्ये काढला, रॅक काढला, खिडकीला पक्की काच आणि बाहेरून जाळी लावली. दुपारी बारा वाजता टेबलाजवळ आता सातशेच्या आसपास मिळतो, तोही फुकट. आण्णा आता रोज दुपारी तिथेच पेपर वाचतात, खिडकीबद्दल अजून काही बोललेले नाहीत.

ज्यांच्याकडे खिडकीच नाही त्यांचं काय? निम्म्याहून जास्त गाळ्यांना नसतेच. मला सापडलेली सगळ्यात स्वस्त गोष्ट सांगतो. चहा आत मागवणं बंद करा. आमच्याकडे पूर्वी टपरीवरचा पोऱ्या किटली घेऊन काउंटरवर यायचा आणि आम्हाला वाटायचं वेळ वाचला. आता सकाळी अकरा आणि दुपारी चारला एकेकाने बाहेर जाऊन चहा प्यायचा, दहा मिनिटं, रस्त्यावर उजेडात उभं राहून. पहिल्या आठवड्यात मला ती दहा मिनिटं डोळ्यात खुपायची, कबूल करतो. पण चारनंतरच्या बिलातल्या चुका कमी झाल्या. किती ते मी मोजून ठेवलं नाही, त्यामुळे आकडा देणार नाही. आणि यात उजेडाचा भाग किती आणि विश्रांतीचा किती, तेही वेगळं काढता येत नाही. मला वेगळं काढायचंही नाही.

आता रात्रीचं. हे दुकानदारांचं खास दुखणं आहे आणि यावर कुणी बोलत नाही. झोपण्याआधी तीन तास उजेड अगदी मंद ठेवा, हे वाचून मला हसू आलं. साडेनऊला शटर ओढणारा माणूस बाराला झोपतो. त्याचे ते तीन तास दुकानातच सुरू होतात, पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली. मग घरी जाऊन आपण काय करतो? हॉलमधली ६५०० केल्विनची निळसर ट्यूब लावून तिच्याखाली हिशोब, मग मोबाईलवर सप्लायरचे फोटो. आणि अंथरुणात तास तास कूस बदलतो. रात्री मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक वाढायला हवं, शरीराला रात्र झाली हे सांगणारं. तेजस्वी, निळसर उजेड ते दाबून ठेवतो. धंद्याच्या काळजीने झोप लागत नाही असं आपण म्हणतो, आणि काळजी असतेही. पण ती काळजी आपण भर दिवसासारख्या उजेडात बसून करतो.

मी केलं ते एवढंच. दुकानातल्या दिव्यांचे दोन वेगळे स्विच करून घेतले. आठनंतर युनिफॉर्मच्या भागात कुणी येत नाही, तिथले पॅनल बंद. पुढे साडीच्या भागाला हात लावत नाही, गिऱ्हाईक असतं. हिशोब दुकानातच संपवतो, मागच्या टेबलावर ३००० केल्विनचा टेबल लॅम्प आहे, तो फक्त वहीवर पडतो. घरी हॉलमध्ये पिवळे दोन दिवे लावले. ट्यूब काढली नाही, पाहुणे आले की लावतो. दिवाळीच्या दहा दिवसांत यातलं काहीही जमत नाही आणि तेव्हा मी प्रयत्नही करत नाही.

दिवा घेताना खोक्यावर काय बघायचं हे नेहमी विचारता, म्हणून थोडक्यात. केल्विन म्हणजे रंगाचा सूर, ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. दिवसभर माणसं बसतात तिथे मी ४००० लावतो. ६५०० ने दुकान जास्त उजळ वाटतं पण माणसांचे चेहरे आजारी दिसतात. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात. कापडवाल्याने ९० च्या खाली जाऊ नये. आपल्याकडे बायका साडी उचलून दाराशी नेतात आणि म्हणतात, "जरा बाहेर उजेडात बघू का?" आपल्याला वाटतं शंका घेतायत. त्या फक्त आपल्या दिव्यांचा सीआरआय तपासत असतात. सराफांचं गणित वेगळं, सोन्याला पिवळा आणि हिऱ्याला पांढरा, पण त्यांच्या काउंटरमागच्या माणसाला तो स्पॉटलाइट काचेवरून उलटा डोळ्यात येतो. सराफ बघत असाल तर एकदा आपल्या सेल्समनच्या जागी बसून बघा.

चष्म्याबद्दलही विचारता. निळा उजेड अडवणाऱ्या काचा मीही सहाशे रुपये जास्त देऊन घेतल्या होत्या. २०२३ मध्ये कॉक्रेनने यावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा ताण कमी होतो असं, निदान थोड्या काळात तरी, त्यात दिसलं नाही. माझे सहाशे गेले, तुमचे वाचवा. आणि डोकं सतत दुखत असेल तर दिवे तपासा, पण डॉक्टरांकडेही जा. सगळी डोकेदुखी दिव्याची नसते, मी काही डॉक्टर नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं चार माणसांच्या दुकानाला कशाला? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात मालकाने कामगारांच्या आरोग्यासाठी जी काळजी घ्यायची त्यात स्वच्छता, हवा यांच्याबरोबर उजेडही लिहिलेला आहे. पण आपल्यासारख्या छोट्या दुकानांना त्यातलं बरंचसं लागू होत नाही, आणि ते ऐकून आपण खूश होतो. मी म्हणतो, आपल्यालाच जास्त लागू आहे. मोठ्या शोरूममध्ये शिफ्ट बदलते, माणूस हलतो. आपल्याकडे एकच माणूस त्याच टेबलापाशी, त्याच दिव्याखाली, वर्षानुवर्षं. आणि बहुतेक वेळा तो माणूस आपण स्वतः, आपली बायको किंवा आपले वडील असतात.

पूर्वी दिवा महाग होता म्हणून माणूस विचार करून लावायचा. सरकारी खरेदीत एलईडी बल्बचा दर २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होता, २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. चांगलंच झालं, बिलं कमी झाली. पण स्वस्त झाल्यावर आपण कुठे, किती, कुणासाठी हे विचारणंच सोडलं. मी तर सोडलंच होतं, आणि वर त्याचा व्हिडिओ केला होता.

ती मुलगी आता पलीकडच्या गल्लीत एका मेडिकलमध्ये आहे. मागच्या महिन्यात खोकल्याचं औषध आणायला गेलो तेव्हा भेटली. मी तिला पट्ट्यांचं सगळं सांगितलं, मोबाईलमधला तो जुना व्हिडिओही दाखवला. तिने शांतपणे बघितला. म्हणाली, "मी तेव्हा म्हणत होते ना दादा, ती ट्यूब बदलून बघा म्हणून." मला ते आठवतच नव्हतं. ती म्हणाली होती, हे नंतर आण्णांनी सांगितलं.

निघताना सवयीने तिच्या काउंटरवरच्या दिव्यावर मोबाईल धरला. पट्टे होते. तिच्या मालकांना सांगून आलोय, त्यांनी पेन हलवून बघितलं आणि बघतो म्हणाले.

माझ्या ट्रायल रूममधला दिवा अजून जुनाच आहे. तो चौदामध्ये मोजलाच नव्हता. शुक्रवारी वायरमन येणार आहे, तेव्हा बदलताना शूट करून टाकतो, पेनची तपासणी पण त्यातच दाखवतो.